पन्नास गाड्या कोण घेणार आमच्याकडं?

परतवाड्याच्या रोडवर माझं गॅरेज आहे, येत्या पोळ्याला चौदा वर्षं होतील, आणि चिखलदऱ्याचा घाट चढताना क्लचप्लेट जाळलेल्या न उतरताना ब्रेक तापवून बसलेल्या गाड्या आधी आमच्याच दारात येतात. त्यामुळं भाड्याच्या गाड्या कोण देतं, कोण घेतं, कागद कसे असतात, हे मी रोज बघतो. आज लिहायला बसलो ते, गाडी ड्रायव्हरशिवाय भाड्यानं द्यायची तर पन्नास गाड्या पाहिजेत या कायद्याच्या अटीबद्दल, आणि तेही गेल्या दिवाळीच्या सुमारास पाहिलेल्या एका गोष्टीमुळं, ती डोक्यातून जाऊनच नाही राहिली.

आपल्याकडच्या एका लहान विमानतळावर मावसभावाला आणायला गेलो होतो. विमान वेळेवर उतरलं, साठेक माणसं बाहेर आली, बहुतेकांना न्यायला घरचं कोणीतरी आलेलं, कोणाचा भाऊ, कोणाचा जावई. दहा मिनिटांत सगळं रिकामं. मागं राहिलं एक कुटुंब, नवराबायको, दोन लेकरं, आणि गुडघे धरलेली आजी, ती बॅगवरच बसली होती. ठाण्याचे होते. शेगावला दर्शन, मग लोणारचं सरोवर, मग दोन रात्री चिखलदरा, असा चार दिवसांचा बेत करून आलेले, आणि गाडी स्वतःच चालवायची म्हणून त्या माणसानं लायसन्स वरच्या खिशात तयार ठेवलेलं. "गोव्याला उतरलो की बाहेर मिळते ना, तशी मिळेल वाटलं," म्हणाला.

मिळणार कुठून? बाहेर तीन टॅक्सीवाले होते. एकानं हिशेब सांगितला, रोजचे ३०० किलोमीटर धरणार, १४ रुपयांनी, चार दिवसांचे १६,८०० आणि ड्रायव्हरचा भत्ता रोजचे ५००, टोल-पार्किंग वेगळं. म्हणजे १८,८०० रुपये गाडीत बसायच्या आधीच. आणि त्यांचं प्रत्यक्ष फिरणं सातशे किलोमीटरच्या आतबाहेर, कारण चिखलदऱ्यात दोन दिवस गाडी चालून चालून किती चालणार. तो माणूस म्हणाला की मी जितकं फिरतो तितकेच पैसे देतो ना. त्यावर टॅक्सीवाला बोलला, "साहेब, तुम्ही दोन रात्री वर थांबसान, माही गाडी तथी उभी राहीन, त्या दिवसाचं मले कोन देईन?" आणि त्याचंही खरंच होतं. त्याला थंडीत गाडीतच झोपावं लागतं, जेवण बाहेरचं, आणि खाली आला तर रिकामी गाडी घेऊन यावं लागतं. दोघंही खरे, आणि दोघांचंही जमेना.

शेवटी बाजूला उभा असलेला एक पोट्टा हळूच पुढं आला. घरची गाडी आहे म्हणे, पांढऱ्या नंबरपाटीची, १०,००० डिपॉझिट द्या, आधार कार्डाचा फोटो द्या आणि घेऊन जा, फक्त रस्त्यात कोणी विचारलं तर मित्राची गाडी आहे सांगायचं. ते कुटुंब त्या गाडीत बसून गेलं. आजीला मी हात देऊन बसवलं, आणि त्याच वेळी पोटात कालवलं, कारण त्या गाडीच्या कागदाचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं आणि त्या माणसाला माहीत नव्हतं.

आता कायदा सांगतो, कारण आमच्याकडं बऱ्याच लोकांना हे नीट माहीत नाही, गाडी देणाऱ्यांनाही नाही. गाडी ड्रायव्हरशिवाय भाड्यानं द्यायची तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७५ खाली केंद्र सरकारनं १९८९ मध्ये रेंट-अ-कॅब योजना केली, तिचं लायसन्स लागतं. अशा गाडीची पाटी काळी न अक्षरं पिवळी असतात. आणि त्या योजनेत लायसन्ससाठी अट काय, तर किमान ५० गाड्या पाहिजेत, सगळ्या टुरिस्ट परमिटच्या, त्यातल्या निम्म्या एसी. वरून पार्किंगची जागा, ऑफिस, रात्रंदिवस चालू फोन. १९८९ साली एसी गाडी म्हणजे चैन होती, आज आमच्या गावात कीटकनाशकं विकणाऱ्याच्या गाडीलाही एसी असतो, तेवढा काळ गेला. पण ५० चा आकडा लिहिला तो लिहिला.

बरं कोणी म्हणेल गाडी टॅक्सी पासिंग करून घ्या, पिवळी पाटी लावा, झालं. नाही होत. पिवळ्या पाटीची गाडी तुमच्या ड्रायव्हरनं चालवून गिऱ्हाईक न्यायची, चावी गिऱ्हाइकाच्या हातात देऊन तुम्ही घरी बसायचं ही गोष्टच वेगळी, तिला वेगळं लायसन्स. म्हणजे एक-दोन गाड्यांच्या मालकाला सेल्फ ड्राईव्हच्या धंद्यात सरळ दारातून यायला जागाच ठेवलेली नाही.

५० गाड्यांचा हिशेब मांडा. साधी गाडी धरली, रस्त्यावर येईस्तोवर ७ लाख, तर ५० गाड्यांचे साडेतीन कोटी. परतवाडा, अंजनगाव, चांदूर बाजार, धारणी, एवढ्या पट्ट्यात साडेतीन कोटी गाड्यांत घालून वाट पाहत बसेल असा माणूस मला दाखवा. ज्याच्याकडं असतील तो जिनिंगमध्ये घालेल, पेट्रोल पंपात घालेल. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे, की मोटारसायकल भाड्यानं द्यायची योजना केंद्रानंच १९९७ ला केली, तिथं ५ गाड्या चालतात. दुचाकीला पाच आणि चारचाकीला पन्नास काऊन? घाटात पडायची भीती तर दुचाकीवरच जास्त.

अट एवढी मोठी असल्यावर धंदा थांबतो का? अजिबात थांबत नाही. नागपूर-पुण्यासारख्या शहरात तो कंपन्यांकडं जातो आणि आमच्यासारख्या ठिकाणी पांढऱ्या पाटीत लपतो. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी, तिला परमिट नाही, आणि परमिटशिवाय भाडं मारताना सापडली तर कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद, असं लिहिलेलं आहे. पण दंडाला लोक भीत नाहीत. भ्यायला पाहिजे ते इन्शुरन्सला. खाजगी गाडीच्या पॉलिसीत बारीक अक्षरात वापराची मर्यादा लिहिलेली असते, भाड्यानं किंवा मोबदला घेऊन गाडी वापरली तर पॉलिसी लागू नाही. ते बारीक अक्षर कोणी वाचत नाही. मीही आधी वाचलं नव्हतं, आमच्या गावच्या एका पोराच्या पायी वाचलं.

हा पोरगा कॉमर्स करून घरी बसला होता, बापाची पाच एकर, संत्रा होता तो वाळला, मग फायनान्सवर सात सीटर गाडी घेतली. आधी लग्नाच्या सिझनला स्वतः चालवून भाडी मारायचा. मग लोक विचारू लागले की बाबू, गाडी देतोस का, आम्हीच नेतो. तर तो देऊ लागला, महिन्यातून चार-पाच वेळा, हप्ता निघू लागला, घरी जरा हासू आलं. पावसाळ्यात पुण्याची पोरं तीन दिवसांसाठी घेऊन गेली. चिखलदरा म्हणजे सुमारे १,१०० मीटर उंचीवर, जुलै-ऑगस्टमध्ये ढग रस्त्यावरच बसलेला असतो, बोनेट दिसलं तर दिसलं. उतरताना एका वळणावर ब्रेक दाबून धरला, गाडी सरकली आणि कठड्यावर गेली. माणसं वाचली, एकाचा हात मोडला तेवढंच. गाडी टोचन करून माझ्याकडं आणली तेव्हा रेडिएटर इंजिनला चिकटलेला होता, दोन्ही एअरबॅग लोंबत होत्या, आणि डॅशबोर्डवर गजानन महाराजांचा फोटो तसाच उभा.

इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर आला. शांत माणूस होता, आवाज चढवला नाही. गाडी फिरून पाहिली, फोटो काढले, मग ज्याचा हात मोडला त्या पोराला फोन लावून सहज विचारलं, गाडी कोणाची होती? त्यानं खरं सांगितलं, भाड्यानं घेतली. मग आमच्या पोराचा मोबाईल पाहिला तर तिथं ऑनलाईन आलेले पैसे आणि खाली पाठवणाऱ्यानंच लिहिलेलं, "गाडी भाडे ३ दिवस". एवढेच शब्द. क्लेम नाकारल्याचं पत्र महिन्याभरात आलं. खर्च २ लाख ४० हजारांचा निघाला, मजुरी मी घेतली नाही, पण स्पेअरचे पैसे तर रोख मोजावे लागतात, त्यासाठी आईची पोत गहाण गेली, आणि गाडी दारात उभी असताना हप्ता मात्र चालूच होता. हे जीव वाचला म्हणून एवढ्यावर निभावलं. कोणी मेलं असतं तर? थर्ड पार्टीच्या, म्हणजे अपघातात दुसऱ्याच कोणाचं नुकसान झाल्याच्या, केसमध्ये कोर्ट कधी कधी इन्शुरन्स कंपनीला सांगतं की आधी भरपाई द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. पाच एकरवाल्याकडून काय वसूल करणार, ती पाच एकरच ना.

म्हणून मी म्हणतो ५० ची अट काढा आणि ५ करा, दुचाकीला आहे तशीच. एका माणसाच्या पाच असोत की पाच जणांनी मिळून एकेक आणलेली असो, सोसायटी करून असो की बचत गटाच्या नावावर असो, लायसन्स द्या. हे राज्याच्या हातात नाही, योजना केंद्राची आहे, पण ते रस्ते वाहतूक खातं २०१४ पासून आपल्याच नागपूरच्या खासदारांकडं, नितीन गडकरींकडं आहे, म्हणजे सांगायला आपल्याला दिल्लीत अनोळखी माणूस शोधायचा नाही.

यावर माझ्याशी सगळ्यात जास्त भांडतात ते आमचे टॅक्सीवाले मित्र. म्हणतात, तू आमच्या पोटावर पाय देऊन राहिला, लोक स्वतः चालवायला लागले तर आम्ही काय करावं. हा राग मी हलका समजत नाही. पण त्यांनाच विचारतो की त्या दिवशी विमानतळावर ते ठाण्याचं भाडं तुम्हाला मिळालं का? नाही मिळालं, ते पांढऱ्या पाटीनं नेलं. जो माणूस स्वतः चालवायचं ठरवून आला तो १८,८०० देऊन ड्रायव्हर घेत नाही, तो एक तर चोरून घेतो नाही तर पुढच्या वेळी येतच नाही. ज्याला घाटाची भीती वाटते, ज्याच्यासोबत म्हातारं माणूस आहे, ज्याला रस्त्यात झोप पाहिजे, तो ड्रायव्हरच मागतो आणि मागत राहणार. आणि माझ्या मते काळ्या पाटीची पहिली गाडी टॅक्सीवाल्यांनीच घ्यावी, कारण पंधरा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवून मणके गेलेल्या माणसानं स्वतःच्या दोन गाड्या भाड्यानं देऊन घरी का झोपू नये?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ५० ची अट ठेवली ती गिऱ्हाइकासाठी, लहान माणसाकडं गाडी बंद पडली तर दुसरी कुठून देणार, गाडी नीट ठेवेल याची हमी काय. बरोबर आहे, पण मोठी कंपनी म्हणजे नीट गाडी हे मी मेकॅनिक म्हणून मान्य करत नाही. मोठ्या ताफ्यातल्याही गाड्या माझ्याकडं येतात, स्टेपनीत हवा नाही, जॅक गायब, टायर गुळगुळीत. गाडी एकाच माणसाची असेल न तीच त्याच्या पोटाची असेल तर तो रोज ऑईल बघतो. अट घालायचीच तर गाडीवर घाला, संख्येवर कायले. फिटनेस वेळेवर, भाड्याच्या वापराची खरी पॉलिसी, ट्रॅकर न पॅनिक बटण, टायरची खोली मोजून. समृद्धी महामार्गावर तर हे फारच पाहिजे. ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता, मोटारीला १२० चा वेग, वैशाखातलं ऊन, आणि त्याच्यावर घासलेला टायर, हे मला रात्री झोपताना आठवलं तरी अंगावर काटा येतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली, ते आमच्या बाजूच्या माणसाला विसरणं होत नाही. तो रस्ता चांगला आहे, पण तिथं गाडी पाठवायची तर गाडी तशी पाहिजे, आणि तपासायची तर आधी ती कागदावर दिसली पाहिजे. पांढऱ्या पाटीत लपलेली गाडी भाड्याची म्हणून कोण तपासणार?

आणि चावी देताना दहा मिनिटं बोललं पाहिजे, हे लायसन्सच्या अटीतच टाका असं माझं म्हणणं आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, धुक्यात हाय बीम मारायचा नाही, मेळघाटात शिरायच्या आधी टाकी भरून घ्यायची, अंधार पडल्यावर जंगलातल्या रस्त्यावर सांबर कुठूनही येतं. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथला रस्ता जनावराचा आधी आणि आपला नंतर. हे पुण्याच्या पोराला ॲप सांगत नाही. परतवाड्याचा माणूस सांगेल, कारण गाडी त्याची आहे न घाटही त्याचा आहे.

आता विमानतळाकडं परत येतो, कारण या सगळ्याचा धागा तिथंच आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, मुंबईचं एटीआर विमान आलं, आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. किती वर्षं वाट पाहिली होती. तिकडं गोंदियाला बिरसीवरून मार्च २०२२ मध्ये विमान सुरू झालं, काही महिन्यांत बंद पडलं, आणि मग डिसेंबर २०२३ ला दुसऱ्या कंपनीनं परत सुरू केलं. लहान गावं विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत सरकार विमान कंपनीला तोटा भरून देतं, पण ते ३ वर्षांसाठी, पुढं मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगनं २०२३ च्या अहवालात लिहिलं आहे की योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत जे ३७१ मार्ग सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच ती ३ वर्षं पूर्ण केली, आणि त्यानंतर टिकले ते ५४. हे वाचल्यापासून मला धाकधूक आहे. आपल्याकडून जाणारी माणसं तर आहेत, मंत्रालयाचं काम, दवाखाना, पोराची नोकरी. पण विमान दोन्ही बाजूंनी भरायला पाहिजे, तिकडून येणारा माणूस पाहिजे, आणि तो उतरल्यावर बॅगवर बसून राहिला तर परत कशाला येईल?

आणि इथंच लहान मालकाचा खरा उपयोग आहे. लहान विमानतळावर दिवसाला एखादं विमान, कुठं आठवड्यातून मोजकीच. ५० गाड्यांची कंपनी तेवढ्यासाठी काउंटर लावून, माणूस बसवून, भाडं भरून बसणार नाही, तिला परवडतच नाही, त्यात तिची चूकही नाही. पण बडनेऱ्याचा, नांदगावचा, परतवाड्याचा पोरगा विमानाच्या वेळेला गाडी पुसून घेऊन येईल, चावी देईल, फोटो काढून सही घेईल आणि मित्राच्या मोटारसायकलवर बसून घरी जाईल. ज्या दिवशी विमान नाही त्या दिवशी तीच गाडी लग्नाला, तीच दवाखान्याला. त्याचा खर्च उभा राहत नाही. विमानतळानं फक्त एक टेबल आणि सहा-सात गाड्यांपुरती जागा द्यावी, आणि लिलावात शहरातला मोठा माणूस ती जागा घेऊन जाणार नाही एवढं बघावं.

स्वतः गाडी चालवणारा माणूस थांबतो, ही गोष्ट धंदेवाले सोडून कोणी ध्यानात घेत नाही. टॅक्सीतला पाहुणा ड्रायव्हर जिथं थांबवेल तिथंच जेवतो. स्वतःच्या हातात स्टिअरिंग असलेला माणूस पाटी वाचून वळतो. मुक्तागिरीकडं वळतो, कौंडण्यपूरला रुक्मिणीचं माहेर म्हणून वर्धेच्या काठी जाऊन बसतो, रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या गावात जातो, मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीवर सामुदायिक प्रार्थनेपर्यंत थांबतो. सेमाडोहच्या टपरीवर चहा पितो, रस्त्याच्या कडेला बसलेल्या कोरकू बाईकडून सीताफळं घेतो. माझ्याच गॅरेजसमोर पंक्चर काढेपर्यंत थांबलेल्या नागपूरच्या बाईनं समोरच्या म्हातारीकडून दोन किलो बिबड्या नेल्या, आणि आता दर उन्हाळ्यात फोन करून मागवते. ह्या गावांना एसटी जाते, पण फेऱ्या मोजक्या, चार दिवसांत एसटीनं एवढं बघून होत नाही.

तो पोरगा, ज्याची गाडी कठड्यावर गेली, आता गाडी भाड्यानं देत नाही. हप्ते फेडून राहिला, सकाळी दुधाची लाईन करतो. मागच्या महिन्यात गॅरेजवर आला तेव्हा त्याच्यासारखेच अजून चार जण होते, एक धारणीचा, दोन अचलपूरचे, एक टॅक्सीवालाच, तोच जो माझ्याशी भांडला होता. पाचही जणांनी गाडीच्या आरसीच्या झेरॉक्स काढून आणल्या, एका कागदावर खासदार साहेबांच्या नावानं अर्ज लिहिला, सह्या केल्या. विषयात लिहिलं आहे, रेंट-अ-कॅब योजनेतली ५० गाड्यांची अट ५ करण्याबाबत. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, खाली जागा मोकळी सोडली आहे. ज्याला सही करायची त्यानं परतवाड्याच्या बाजूनं येताना थांबावं, रविवारीही उघडं असतं.